नजर जाईल तिकडे गाडी जाते

पुण्यात सकाळी सात-साडेसातला बाहेर पडलात तर दर दोन गल्ल्यांमागे एक तरी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी दिसते. टपावर बोर्ड, मागे लाल एल, डावीकडून रांगत चाललेली, आणि आत शिकणारा माणूस मान पुढे काढून बोनेटच्या टोकाकडे बघत बसलेला. शेजारचे सर सांगत असतात क्लच सोडा, हळू, हाफ क्लच, हाफ क्लच, आता थोडा रेस द्या, की गाडी बंद पडते, मागून हॉर्न, की पुन्हा हाफ क्लच. सगळं शिक्षण गुडघ्याच्या खाली. सरांना नावं ठेवायची नाहीयेत मला, कर्वे रोडच्या सिग्नलला गाडी बंद पडली की मागचे लोक काय काय बोलतात ते त्यांनाच ऐकावं लागतं, तेव्हा आधी पाय बसवणं त्यांच्या जागी बरोबरच आहे. पण पाय काय, बसतात थोड्या दिवसात. डोळ्यांचं मात्र कुणी काही सांगतच नाही, आणि गाडी खरी चालते ती डोळ्यांवर.

हे सगळं आत्ता डोक्यात घोळतंय कारण माझी भाची. ताईची मुलगी, कोल्हापूरची, बाणेरला नोकरी लागली म्हणून आमच्याकडे कोथरूडला राहते. क्लास लावला, क्लास संपला, आणि क्लास संपल्यावर म्हणाली, अगं मावशी, गाडी चालते माझी पण मला जजमेंटच येत नाही. शिकाऊ लायसन्सवर शेजारी लायसन्सवालं माणूस बसावं लागतं, आणि घरात रविवारी सकाळी लवकर उठणारी मी एकटीच, त्यामुळे ते काम आपोआप माझ्याकडे आलं.

तिला मी पहिल्याच दिवशी विचारलं, फॉर्म भरताना डोळ्यांचा प्रश्न वाचलास का? तर म्हणे कुठला प्रश्न. लर्निंगच्या फॉर्म १ मधे स्वतःच्या तब्येतीबद्दल आपणच लिहून द्यायचं असतं, त्यात विचारलेलं असतं की चांगल्या उजेडात, चष्मा असेल तर चष्मा लावून, २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, आणि तेही एकेका डोळ्यानं. चाळिशीच्या पुढे डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, त्याच्या आत मात्र आपलं आपणच हो म्हणायचं. सगळे हो म्हणतात. मी आजवर एकही माणूस बघितला नाही ज्यानं खरंच अंतर मोजून एक डोळा झाकून वाचून बघितलंय. तर आम्ही सोसायटीच्या गेटपाशी गेलो, २५ मीटर म्हणजे साधारण सहा गाड्या एकामागे एक लावल्या तर होईल तेवढं, आणि वॉचमनकाका बघतायत ते बघू देत म्हणून तिला एकेक डोळा झाकायला लावला. उजव्यानं वाचलं. डाव्यानं तीन आहे का आठ ते कळेना. चष्म्याचा नंबर कॉलेजात असताना काढलेला, त्यानंतर कुणी बघितलाच नव्हता. मग काय, आधी लक्ष्मी रोडला चष्म्याच्या दुकानात, गाडी नंतर.

आता हे २५ मीटर म्हणजे किती ते पुढचं गणित केल्याशिवाय कळत नाही. ताशी ६०नी गाडी चालली असेल तर ती सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर जाते. समोर काही आडवं आलं, ते दिसलं, डोक्यात शिरलं, पाय ब्रेकवर गेला, याला साधारण दीड सेकंद धरा, म्हणजे २५ मीटर गेले. ब्रेक अजून लागलेलाच नाही. लागल्यावर कोरड्या चांगल्या रस्त्यावर आणखी वीसेक मीटर, म्हणजे एकूण ४५च्या आसपास. ८०ला हेच जवळजवळ ७० मीटर होतात, कारण विचार करायचं अंतर स्पीडच्या प्रमाणात वाढतं पण ब्रेकचं अंतर स्पीडच्या वर्गाच्या प्रमाणात. शाळेत फिजिक्सला पाठ केलेलं असतं हे, फक्त तिथे कुणी सांगितलं नव्हतं की हे सातारा रोडवर लागणारे. आणि रात्री साध्या बीमवर दिवा नीट उजेड पाडतो तो साधारण चाळीस-पन्नास मीटरच. म्हणजे रात्री अंधाऱ्या रस्त्यावर साध्या बीमवर ८०नी जाणारा माणूस त्याला दिसतंय त्याच्या पलीकडे जाऊन थांबणारे. भाचीला हे सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, मग लोक वाचतात कसे? मी म्हटलं, समोर काही नसतं म्हणून.

तर डोळे. हात लांब करून अंगठा धरला तर अंगठ्याचं नख डोळ्यात जेवढी जागा व्यापतं ना, साधारण दोन अंश, तेवढ्याच भागात आपल्याला बारीक, स्पष्ट दिसतं. बाकीचं सगळं, दोन्ही बाजू मिळून जवळजवळ १८० अंश, ते अंधुकच असतं, तिथे फक्त काहीतरी हललं एवढं कळतं. आपल्याला सगळं स्पष्ट दिसल्यासारखं वाटतं कारण डोळे सतत इकडून तिकडे उड्या मारत असतात आणि मेंदू ते तुकडे जोडतो. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, डोळा उडी मारत असताना त्या क्षणापुरतं मेंदू बघणं जवळपास बंदच करतो, नाहीतर सगळं हललेलं दिसलं असतं. त्यामुळे चौकात मान सर्रकन डावीकडून उजवीकडे फिरवून "बघितलं की" म्हणणारा माणूस खरं तर मधलं काहीच बघत नाही. अख्खी ॲक्टिवा त्या मधल्या पट्ट्यात मावते. म्हणून मान फिरवताना दोन-तीन ठिकाणी नजर थांबवायची. इथे थांब, इथे थांब, मग इथे. सुरुवातीला फार कृत्रिम वाटतं, भाची म्हणाली मी कथक करतेय असं वाटतंय, पण आठवडाभरात सवय होते.

त्याच्यावर कडी म्हणजे काचेच्या दोन्ही बाजूचे खांब, ए पिलर म्हणतात ते. अलीकडच्या गाड्यांत हे खांब चांगले जाड असतात, गाडी उलटली तर टप दबू नये म्हणून, आणि ते बरोबरच आहे. पण जाड खांबामागे टू व्हीलर आख्खी लपते. त्यातही वाईट प्रकार असा की दोन गाड्या एकाच ठिकाणी, एकाच वेळी पोचणार असतील ना, म्हणजे धडकणारच असतील, तर आपल्या जागेवरून ती दुसरी गाडी एकाच दिशेला दिसत राहते. ती काचेवर सरकत नाही, नुसती मोठी होत जाते. जी सरकतेय ती आपल्या पुढून नाहीतर मागून निघून जाणार असते. आणि जी सरकत नाही ती जर खांबामागे असेल तर शेवटपर्यंत खांबामागेच राहते! कोथरूडच्या आतल्या रस्त्यांवर, जिथे सिग्नल नाही आणि चारही बाजूंनी लोक आपापल्या घाईत, तिथे चौकाला येताना अंग थोडं पुढे-मागे हलवून खांबापलीकडे बघायचं. मी अशी झुलताना दिसते तेव्हा आमच्या घरात हसतात. हसू देत.

कर्वे रोडला तर मेट्रोचे खांब आहेत, नळ स्टॉपच्या आसपास फ्लायओव्हर आणि मेट्रो एकावर एक, खाली डिव्हायडरवर माणसं उभी असतात आणि ती खांबामागून एकदम अवतरतात. तिथे काय करायचं? स्पीड कमी, आणि खांबाच्या बुडाशी बघायचं, पाय आधी दिसतात.

लांब बघ, हे मी तिला इतक्या वेळा सांगितलंय की आता ती माझ्याआधी म्हणते. रविवारी सकाळी पाषाण-सूस रोडला घेऊन गेले होते, रस्ता बऱ्यापैकी रिकामा, आणि गाडी डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे. स्टेअरिंग घट्ट धरलेलं, नजर बोनेटच्या पुढे जेमतेम दोन गाड्यांइतकी. मी म्हटलं हातांचं विसर, ते लांब झाड दिसतंय ना रस्ता वळतो तिथलं, त्याच्याकडे बघ. आणि गाडी सरळ झाली. जादू वगैरे काही नाही यात. जवळ बघितलं की गाडी बाजूला गेलेली उशिरा कळते, कळेपर्यंत चूक मोठी झालेली असते, मग आपण स्टेअरिंग जास्त फिरवतो, मग ती पलीकडे जास्त जाते. लांब बघितलं की फरक अगदी बारीक असतानाच दिसतो आणि हात आपोआप केसभर हलतात. पुस्तकी नियम सांगतात की बारा-पंधरा सेकंदांनी आपण जिथे असू तिथे बघावं. ताशी ४०ला बारा सेकंद म्हणजे १३० मीटर. पुण्यात संध्याकाळी १३० मीटर मोकळं दिसणं म्हणजे लॉटरीच, तेव्हा पुढच्या गाडीच्या काचांमधून तिच्या पुढची गाडी बघायची, तिचा ब्रेक लाइट लागला की आपला पाय ॲक्सिलरेटरवरून आधीच उठलेला पाहिजे. पुढे बस किंवा टेम्पो असेल तर हे जमत नाही, म्हणून त्याच्या मागे अंतर जास्त. अंतर ठेवलं की मधे रिक्षा घुसते हे मान्य. घुसू दे, आपण परत अंतर ठेवायचं.

खड्ड्याचंही तेच. टू व्हीलरवाल्यांना हे न शिकवता माहीत असतं, खड्ड्याकडे बघत बसलं की गाडी खड्ड्यातच जाते. भीती वाटते त्याच्याकडेच नजर खिळते आणि हात नजरेमागे जातात. म्हणून खड्डा दिसला की लगेच त्याच्या बाजूची जागा शोधायची आणि तिथे बघायचं. अरुंद गल्लीत समोरून टेम्पो आला तर टेम्पोकडे बघायचं नाही, टेम्पो आणि भिंत यांच्या मधल्या फटीकडे बघायचं. ही एक सवय बाकी सगळ्या सवयींपेक्षा जास्त उपयोगी आहे असं माझं मत आहे, आणि ती ड्रायव्हिंग टेस्टमधे कुणी तपासत नाही.

आरशांबद्दल बोलायचं तर पुण्यात डावा आरसा मिटलेल्या गाड्या बघितल्या की मला कसंतरी होतं. अहो इथे सगळं जग डावीकडून येतं! ॲक्टिवा डावीकडून, रिक्षा डावीकडून, जेवण घेऊन धावणारी मुलं डावीकडून. आरसा असा लावायचा की आपल्याच गाडीची कड त्यात अगदी चिंचोळी दिसावी आणि बाकी सगळा शेजारचा रस्ता. बऱ्याच लोकांच्या आरशात अर्धी स्वतःचीच गाडी असते, काय करायचंय ती बघून. बाहेरचा डावा आरसा फुगीर असतो, त्यात जास्त मावतं पण सगळं आहे त्यापेक्षा लांब वाटतं, म्हणून आरशात लांब दिसली म्हणून वळायचं नाही, मान वळवून खांद्यावरून एकदा बघायचं. आणि गाडी लावल्यावर दार उघडताना उजव्या दाराला डावा हात लावायचा. साधी गोष्ट आहे, डावा हात उजव्या दारापर्यंत न्यायचा तर अंग वळतंच, अंग वळलं की मागे बघणं होतं. दार लागून पडणाऱ्या टू व्हीलरवाल्याला मागून येणाऱ्या बसनं काय होतं ते लिहीत नाही इथे.

रात्रीचं थोडक्यात. समोरून अप्पर मारत येणाऱ्याच्या दिव्यात बघायचं नाही, रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर न्यायची, तो जाईपर्यंत पट्टी धरून चालायचं आणि स्पीड कमी. डोळे दिपल्यावर परत जागेवर यायला काही सेकंद घेतात, आणि वय वाढलं की जास्तच घेतात. काच आतून पुसायची, हे लोक कधीच करत नाहीत, आतून एक तेलकट थर साचतो आणि दिवसा तो दिसतच नाही. वायपरचं रबर पावसाळ्याआधी बदलायचं. झालं.

आता हात. क्लासमधे अजून दहा-दहा शिकवतात, म्हणजे घड्याळात दहा वाजून दहा मिनिटांना काटे असतात तिथे हात. हे जुन्या जड स्टेअरिंगच्या काळातलं आहे, तेव्हा वरून ओढायला जोर मिळायचा. आता पॉवर स्टेअरिंग आहे आणि मधल्या गोलात एअरबॅग बसलेली आहे, म्हणून पावणेतीन. डावा हात नऊवर, उजवा तीनवर, अंगठे कडेवर. एअरबॅग उघडते ती डोळ्याची पापणी मिटायच्या आत, आणि त्या वेळी हात वर, बारावर, टाकलेला असेल, जो हायवेवर सगळ्यात स्टायलिश वाटतो, तर तो हात आपल्याच तोंडावर येतो. छाती आणि स्टेअरिंगच्या मध्यात कमीत कमी २५ सेंटिमीटर ठेवायचं. बुटक्या बायका, माझ्यासकट, सीट पुढे पुढे घेत अगदी स्टेअरिंगला चिकटतात, त्यापेक्षा सीट वर करायची सोय असेल तर वर करा, नाहीतर पाठ थोडी मागे. खांदे सीटला टेकलेले ठेवून हात सरळ केला तर मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. भाचीची सीट अशी लावली तेव्हा ती म्हणाली, अगं आता बोनेटच दिसत नाही. मी म्हटलं उत्तम.

वळताना उलटा हात घालून, म्हणजे तळवा आतून घालून, स्टेअरिंग ओढायचं नाही, खड्ड्यात चाक आपटून स्टेअरिंग उलटं फिरलं तर मनगटाला हिसका बसतो. एका तळव्यानं गरगर फिरवणंही नको. साध्या वळणाला एक हात ढकलतो, दुसरा घेतो, हात आपापली बाजू सोडत नाहीत. यू टर्नला किंवा पार्किंगला हातावर हात चालतो, स्पीडच नसतो तिथे. वळण संपलं की स्टेअरिंग आपोआप परत सरळ यायला बघतं, पुढच्या चाकांचा कोनच तसा ठेवलेला असतो, तेव्हा त्याला येऊ द्यायचं पण हातातून, सोडून नाही द्यायचं. आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टेअरिंग साधारण तीन वेढे फिरतं, त्यातले ते मोठे वेढे शहरातच लागतात. एक्स्प्रेसवेवर १००ला लेन बदलायला एखादा बोटभर दाब पुरतो, शहरातला झटका तिथे दिला तर संपलंच.

सिग्नलला उजवीकडे वळायला थांबलात तर चाकं सरळ ठेवा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं आणि कुणी सांगत नाही. चाकं आधीच उजवीकडे वळवून ठेवली आणि मागून कुणी ठोकलं तर आपण थेट समोरून येणाऱ्या ट्रॅफिकमधे ढकलले जातो. सरळ असतील तर सरळ पुढे जातो. पंक्चरवाले काका वेगळंच कारण सांगतात, उभ्या गाडीत चाकं फिरवली की टायर झिजतो. तेही खरं.

जजमेंटचा अर्धा प्रश्न मागच्या चाकाचा असतो. पुढची आणि मागची चाकं यांच्यात छोट्या गाडीतही अडीच मीटरच्या आसपास अंतर असतं, आणि वळताना मागचं आतलं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग येत नाही, ते आतून कापत येतं. पूर्ण स्टेअरिंग कापलं तर अर्धा-पाऊण मीटर आत. सदाशिव पेठेत जुन्या वाड्यांच्या कोपऱ्यांवर दगड पुरलेले असायचे, काही अजून आहेत, त्यांच्यावर ज्या लाल-पांढऱ्या-चंदेरी रंगांच्या रेघा आहेत ना त्या सगळ्या मागच्या दारांच्या आहेत, पुढचा बंपर प्रत्येकाचा व्यवस्थित निघून गेलेला असतो. म्हणून पेठेतल्या गल्लीत वळताना आधी थोडं पुढे जायचं, आपला खांदा कोपऱ्याच्या पुढे गेला की मग कापायचं, आणि नजर आतल्या बाजूच्या आरशात. रिव्हर्सला उलटं, तिथे मागचं नीट जातं आणि पुढचं तोंड बाहेर फेकलं जातं, मागे बघता बघता पुढे शेजाऱ्याच्या गाडीला लागतं. भाचीनं हे एकदा सोसायटीच्या पार्किंगमधे चार विटा ठेवून केलं आणि मग तिला पटलं, सांगून नव्हतं पटलं.

ब्रेक आणि स्टेअरिंग वेगळे शिकवतात पण टायरला ते वेगळे नाहीत. रस्त्यावर टायरची जेवढी पकड आहे तेवढीच आहे, ती ब्रेकला दिली तर वळायला उरत नाही. चाक पूर्ण लॉक झालं तर स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळ घसरत जाते. एबीएस हे एवढ्यासाठीच, ते चाक लॉक होऊ देत नाही, म्हणजे पूर्ण ब्रेक दाबूनही वळवून वाचवता येतं. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या कारला ते सक्तीचं आहे. पण माणसांना ते माहीत नसतं, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की पायाखाली पेडल थरथरतं, काहीतरी मोडलं असं वाटून पाय उचलला जातो. उचलायचा नाही. दाबून धरायचं आणि जिथे जायचंय तिथे बघून वळवायचं, परत आलंच डोळ्यांवर. आणि हे सगळं टायरवर असल्यामुळे टायर बघायचे. खोबणीत आत छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की टायर संपला, मग तो वरून कितीही काळा कुळकुळीत दिसो. हवा किती ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर लिहिलेलं असतं, पंपावरचा मुलगा सगळ्यांना एकच आकडा भरतो तो नव्हे, आणि तीही टायर थंड असताना.

उताराचं इथे राहणाऱ्याला सांगायलाच नको खरं तर. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ला रात्री तिथे एका ट्रकनं कित्येक गाड्या ठोकल्या, आणि ड्रायव्हर डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरत होता असं त्या वेळी तपासातून पुढे आल्याचं छापून आलं होतं. इंजिन बंद म्हणजे इंजिनाची ओढ गेली, सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापून धरेनासे होतात, आणि ट्रकच्या ब्रेकला लागणारी हवा भरणारा कॉम्प्रेसरही इंजिनावरच चालतो. आपल्या कारमधेही तसंच, इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते आणि स्टेअरिंग दगडासारखं जड होतं. उतारावर गाडी गिअरमधेच पाहिजे, चढताना जो लागला असता साधारण तोच. न्यूट्रलनं पेट्रोल वाचतं हे आमच्या मागच्या पिढीनं इतकं ठाम सांगितलंय की भाचीच्या बाबांशी वाद घालायचा मी सोडून दिलाय, आजकालच्या गाड्यांत गिअरमधे पाय उचलून उतरलं की इंजिन स्वतःच पेट्रोल बंद करतं.

वेताळ टेकडीला आपण फिरायला जातो, निम्मं कोथरूड तिला एआरएआय टेकडीच म्हणतं, पण ती एआरएआय आत काय करते याचं कुणालाच काही पडलेलं नसतं. १९६६ पासून देशातल्या गाड्यांची तपासणी करणारी ही संस्था. २०२३ पासून भारत एनकॅप आलं, म्हणजे गाडी आपटून ती किती सुरक्षित ते तपासणं, आपल्या गाड्यांना स्टार मिळायला लागले, ताशी ६४नी गाडी अडथळ्यावर नेतात, तीही अख्खी नाही, समोरचा ४० टक्के भागच आपटतो असं. ते स्टार बघून लोक गाडी घेतात हे चांगलंच आहे, पण आत बसवलेल्या डमीला बेल्ट लावलेला असतो हे विसरतात. तीन टोकांचा बेल्ट १९५९ साली व्होल्वोच्या निल्स बोहलिन नावाच्या इंजिनिअरनं काढला, कंपनीनं तो सगळ्यांना वापरायला खुला केला. साठ वर्षं उलटून गेली. आणि आपल्याकडे सप्टेंबर २०२२ मधे उद्योगपती सायरस मिस्त्री पालघरजवळ मागच्या सीटवर बेल्टशिवाय बसलेले असताना अपघातात गेले तेव्हा कुठे चार दिवस मागच्या बेल्टची चर्चा झाली.

आणि डॅशबोर्ड! डाव्या बाजूच्या एअरबॅगच्या झाकणावर मधोमध दगडूशेठची मूर्ती, चिकटपट्टीनं घट्ट. भक्तीबद्दल बोलत नाहीये मी, मीही नमस्कार करूनच चावी फिरवते. पण ते झाकण उघडेल तेव्हा मूर्ती समोर बसलेल्याच्या दिशेनं सुटणार. आमची मूर्ती मी मधे, रेडिओच्या वर, सरकवली. आरशाला लटकवलेली अत्तराची बाटली काढली, हलत्या वस्तूमुळे डोळ्याच्या कडेला सतत काहीतरी हलतंय असं वाटत राहतं आणि मग खरं काही हललं तरी कळत नाही.

भाचीची पर्मनंटची टेस्ट नाशिक फाट्याजवळ, भोसरीच्या ट्रॅकवर झाली, आठ काढला, चढावर थांबवून परत सोडली, पास झाली. आता तिला स्वतः चालवत कोल्हापूरला जायचंय. ताई मुद्दाम पुण्याला आली, लेकीबरोबर परत जायचं म्हणून, आणि पहिलाच खटका उडाला तो मागच्या बेल्टवरून. ताई म्हणे मी काय लहान आहे का, साडीच्या निऱ्या विस्कटतात, आणि मागे कोण लावतं. भाची म्हणाली आई, बेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरूच करणार नाही मी. ताई बेल्ट ओढते तर बक्कलच सापडेना. सीट कव्हरवाल्यानं फिटिंग छान घट्ट दिसावं म्हणून तिन्ही बक्कलं कव्हरच्या खाली दाबून टाकलेली, गाडी घेतल्यापासून मागे कुणी त्यांची चौकशीच केली नव्हती. मी कात्रीनं कव्हर कापलं, दोन बक्कलं वर काढली, तिसऱ्याला हात पोचेना. ताई म्हणाली, दोन पुरेत, तिसरं कोण येतंय. पण वाठारला तिची जाऊ गाडीत बसणार होती आणि तिच्याबरोबर नातू, त्यामुळे तिसऱ्यासाठी शेवटी कव्हरवाल्याकडेच जावं लागलं. तो म्हणाला मॅडम, कट मारला की लुक जातो.